उडती शाळा

नव्या मार्गावर गाडी न्यायची तर चालकाला आधी अनुभवी चालकाबरोबर त्या मार्गावर फेऱ्या कराव्या लागतात, हे भुसावळकरांना सांगायला नको. चढ, वळण, सिग्नल सारे डोळ्यांत बसले की मगच गाडी हाती येते. पण आकाशात ना रूळ, ना सिग्नल. मग तिथली माणसे कशी तयार होतात?

दुसऱ्या महायुद्धात विमाने मोठी झाली आणि ती एकट्या वैमानिकाच्या आवाक्यातली राहिली नाहीत. मार्ग काढणारा नॅव्हिगेटर, बिनतारी संदेश सांभाळणारा सिग्नलर, बॉम्बचा नेम धरणारा, असा सगळा चमूच लागे. या चमूला शिकवण्यासाठी ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीने 'व्हर्सिटी' हे दोन इंजिनांचे विमान बनवले. ते १९४९ साली प्रथम उडाले आणि १९५१ ते १९७६ या काळात ब्रिटिश हवाई दलात राबले. त्याच्या पोटाखाली एक लांबट कप्पा होता. नेम धरण्याचा सराव तिथूनच चाले.

दोन इंजिने कशासाठी? एक इंजिन बंद पडले की विमान त्या बाजूला वळू लागते. शिक्षक मुद्दाम एका इंजिनाची शक्ती कमी करतो आणि शिकाऊ वैमानिक विमान सरळ ठेवायला शिकतो.

नॅव्हिगेटरचे काम तर हिशेबाचे. समजा, विमान भुसावळहून ताशी ३५० किलोमीटर वेगाने नागपूरकडे, म्हणजे जवळजवळ सरळ पूर्वेला, निघाले. दक्षिणेकडून ताशी ४० किलोमीटरचा वारा आहे आणि तो हिशेबात धरलेला नाही. तासाभराने विमान नागपूरवर नव्हे, तर ४० किलोमीटर उत्तरेला असेल! खाली ढग असले तर चूक कळणारही नाही.

आपल्याकडे हे काम 'ॲव्हरो ७४८' या विमानानेही केले. मूळ आराखडा ब्रिटिश, पण कानपूरला जोडलेले पहिले विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव 'सुब्रतो' ठेवले. ॲव्हरोने माणसे आणि सामान वाहिले, तसेच वैमानिक, नॅव्हिगेटर आणि सिग्नलरही घडवले. त्याची जागा घेणारी सी-२९५ विमाने २०२३ पासून येऊ लागली.

आता विमानाची जागा उपग्रह सांगतो. पण उपग्रहाचे संदेश अडवता येतात, हे अलीकडच्या युद्धांनी दाखवून दिले आहे. अशा वेळी घड्याळ, होकायंत्र आणि वाऱ्याचा हिशेब हाच आधार उरतो. तो हिशेब चुकायचाच असेल, तर शेजारी शिक्षक बसलेला असताना चुकलेला बरा.