प्रत्येकाची मुदत आणि सर्वांची मुदत (उच्च गणिताची वाट : लेखांक ५)

गेल्या लेखांकात आपण सीमेच्या व्याख्येपाशी थांबलो होतो. आज त्याच व्याख्येतील दोन शब्दांच्या क्रमाविषयी लिहावयाचे आहे. आणि एवढ्याशा गोष्टीसाठी सबंध लेखांक खर्ची घालण्याचे कारण असे की, आजवर गणितात अव्वल गुण मिळवीत आलेले जे विद्यार्थी पदवीच्या शेवटच्या वर्षी अथवा एम. एस्सी.च्या पहिल्या सत्रात एकाएकी चाचपडू लागतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचा पाय ज्या ठिकाणी घसरतो ते ठिकाण, माझ्या अनुभवाप्रमाणे, हेच होय.

शून्य आणि एक यांच्या दरम्यानची एखादी संख्या घेऊन तिचे घात करीत गेले असता उत्तर लहान लहान होत शून्याकडे सरकते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ते किती त्वरेने सरकते हे मोजू लागले म्हणजे गंमत दिसते. एक शतांशाच्या खाली उतरावयास ०.९ चा ४४ वा घात लागतो, ०.९९ चा ४५९ वा, आणि ०.९९९ चा ४,६०३ वा. म्हणजे या टापूतील प्रत्येक संख्येपुरती एक मुदत मुकरर करता येते. मात्र एकाच्या जितके समीप जावे तितकी ती लांबत जाते, आणि सर्वांना मिळून एकच मुदत बांधून द्यावयाची म्हटले तर ती कोणाच्याही हुकमाने बांधता येत नाही. दर कुळाला त्याच्या ऐपतीप्रमाणे मुदत देणे निराळे आणि सबंध तालुक्याला एकच तारीख देणे निराळे, हे महसूल खात्यातील कारकुनास समजावून सांगावे लागत नाही. गणिताच्या विद्यार्थ्यास मात्र ते फार सायासाने उमजते. पहिल्या प्रकारास बिंदुशः अभिसरण म्हणतात, दुसऱ्यास एकसमान अभिसरण. ‘प्रत्येक संख्येसाठी अशी मुदत आहे की’ आणि ‘अशी मुदत आहे की प्रत्येक संख्येसाठी’ : शब्द तेच, जागा तेवढ्या बदलल्या.

या अदलाबदलीचे फळ काय, तेही येथेच दिसते. प्रत्येक घाताचा आलेख काढला तर रेषा कोठेही न तुटता शून्यापासून एकापर्यंत चढते. पण एकाचा कोणताही घात एकच राहत असल्यामुळे, सीमेचा आलेख एकाच्या अलीकडे सर्वत्र शून्यावर पडून राहतो आणि ऐन टोकाशी उडी मारून एकावर जातो. अखंड रेषांच्या क्रमिकेतून तुटलेली रेषा निघाली.

हे आज पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येते म्हणून त्याला क्षुल्लक समजू नये. कोशीसारख्या गणितज्ञाने, आणि तोही विश्लेषणाला तर्कशुद्ध पाया घालून देण्याच्याच हेतूने लिहिलेल्या १८२१ च्या ग्रंथात, संतत फलांच्या अभिसारी श्रेणीची बेरीज संततच असते असा सिद्धान्त सिद्धतेसह मांडला. आणि पाच वर्षांनी नॉर्वेच्या आबेलने एका तळटीपेत, जिची बेरीज ठरावीक अंतरांनी तुटते अशा ‘ज्या’ (साइन) फलांच्या श्रेणीचा दाखला देऊन, या सिद्धान्तास अपवाद असावेत असे मोठ्या अदबीने नमूद केले. दोष कोठे आहे हे दाखवावयास मात्र आणखी वीस-एकवीस वर्षे जावी लागली. ते काम जर्मनीत सायडेलने आणि, त्याची वार्ताही नसताना, इंग्लंडात केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्सने केले.

येथून पुढची हकीकत मला विशेष विचार करण्याजोगी वाटते. स्टोक्स हा १८४१ चा सीनिअर रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत प्रथम वर्गात सर्वप्रथम आलेला. १८४९ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०३ पर्यंत, न्यूटनने भूषविलेल्या ल्यूकेशियन अध्यासनावर तोच होता. १८४७ च्या डिसेंबरात त्याने केंब्रिजच्याच तत्त्वज्ञान-मंडळापुढे वाचलेल्या निबंधात ‘अनंत मंद’ अभिसरणाची कल्पना मांडली. वर दिलेल्या ४४, ४५९, ४,६०३ या आकड्यांकडे पाहिले की या नावातील मार्मिकता पटते. असे असूनही त्या कल्पनेचा केंब्रिजच्या अध्यापनावर पुढील अर्धशतकात म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. ती घरात जन्मलेली कल्पना तेथील विद्यार्थ्यांस अखेर युरोपच्या मुख्यभूमीवरील ग्रंथांतून शिकावी लागली.

कारण परीक्षा. शतकाच्या मध्यास ती आठ दिवस चाले, प्रश्नांची संख्या दोनशेच्या वर जाई, आणि उत्तीर्णांची नावे गुणानुक्रमे सीनेट हाऊसमध्ये जाहीर वाचली जात. साहजिकच जो विद्यार्थी एखाद्या व्याख्येपाशी थांबून ती उलटीसुलटी करून पाही त्याचे नुकसान होई, आणि जो लेखणी न उचलता युक्त्या चालवी त्याची सरशी होई. ही तयारी प्राध्यापकांच्या व्याख्यानांतून नव्हे, तर खासगी शिकवणीतून होत असे. एडवर्ड राउथ या एका शिकवणीकाराच्या हाताखालून दोन डझनांहून अधिक सीनिअर रँग्लर बाहेर पडले. आपल्याकडील क्लासांना नावे ठेवणाऱ्यांनी हा पूर्वेतिहास ध्यानी घ्यावा. रोग आपण निर्माण केलेला नाही.

महाराष्ट्राला ‘रँग्लर’ हा शब्द मिळाला तो याच परीक्षेतून. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली बर्टविसल या विद्यार्थ्यासमवेत सीनिअर रँग्लर ठरले, आणि परीक्षेतील वर्गाचे ते नाव आपल्याकडे रावसाहेबासारखे आडनावाआधी जाऊन बसले. त्यांच्या बुद्धिमत्तेविषयी आदर मनात ठेवूनच असे म्हणावेसे वाटते की, त्या पदवीचे तेज आपण डोळे भरून पाहिले, पण ती देणाऱ्या पद्धतीची चिकित्सा आपण केली नाही. ती केली ती परांजप्यांच्या आदल्याच वर्षी चौथ्या क्रमांकाने आलेल्या हार्डी या गणितज्ञाने. लव्ह या शिक्षकाच्या सल्ल्याने झॉर्दांचा फ्रेंच ग्रंथ वाचीपर्यंत गणित म्हणजे काय हेच आपणास कळले नव्हते, अशी कबुली त्याने उत्तरवयात दिली आहे. गुणानुक्रमाची पद्धत १९०९ च्या परीक्षेनंतर बंद झाली, त्या चळवळीत तो अग्रभागी होता. १९२६ मध्ये तर ही परीक्षा सुधारण्यापेक्षा काढूनच टाकावी इथपर्यंत त्याची मजल गेली होती. स्टोक्सच्या त्या विस्मृत निबंधाची नीट छाननी करणारा लेखही १९१८ मध्ये हार्डीनेच लिहिला, यात मला काव्यगत न्याय दिसतो.

परीक्षा काढून टाकणे मला मान्य नाही. तथापि तिच्याविषयीचा माझा एक व्यक्तिगत तक्रारअर्ज आहे. एम. एस्सी.ला असताना एकसमान अभिसरणाचा मुख्य सिद्धान्त, त्यातील एप्सायलॉनच्या तीन तृतीयांशांसह, मी स्तोत्रासारखा पाठ केला होता. परीक्षेच्या घाईत पहिल्याच ओळीत माझ्या हातून ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ यांच्या जागा बदलल्या. म्हणजे मी सिद्ध केला तो सिद्धान्त नव्हे, कोशीची चूक. परीक्षकांनी पूर्ण गुण दिले. गुणपत्रिका पाहून मी पेढे वाटले, आणि आपण काय लिहून आलो हे मला उमगले ते पुढे हाच भाग शिकवावयास फळ्यापाशी उभा राहिलो तेव्हा, चाळीस मुलांच्या समक्ष.

म्हणून पदव्युत्तर अभ्यासास प्रारंभ करणाऱ्यांस माझी एवढीच विनंती असते की, रुडिनच्या विश्लेषणावरील पाठ्यपुस्तकातील सातवे प्रकरण, जे याच विषयाचे आहे, वाचताना सिद्धतेकडे धाव घेऊ नये. आधी एकसमान अभिसरणाची व्याख्या कागदावर उतरावी, तिच्यातील ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ यांखाली रेघ ओढावी, त्यांची अदलाबदल करावी, आणि त्या बदललेल्या विधानात बसेल पण मूळ विधानात बसणार नाही असे एखादे उदाहरण सापडेपर्यंत पान उलटू नये. यात एक संध्याकाळ जाते, कधी दोन जातात.

पुढील लेखांकापूर्वी वाचकांनी दोन गोष्टी करून पाहाव्यात. टापू शून्य ते ०.९ एवढाच ठेवला तर एक शतांशाच्या खाली उतरावयास ४४ ही एकच मुदत सर्वांना पुरते, हे स्वतः पडताळावे. आणि मग टापू शून्य ते एक असा धरून टोकाचा एक तेवढा वगळावा, म्हणजे सीमेची रेषा कोठेही तुटत नाही, तरीही एकच मुदत मिळते का ते पाहावे. उत्तर पुढच्या आठवड्यात देईन. तोवर कोणाला विचारू नये.