ग्रीन टी : पेल्यातील कॅटेचिन आणि गोळीतील कॅटेचिन

वजन घटविण्यासाठी ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या आज औषधांच्या दुकानांत सहज मिळतात. ‘चहाच तो, त्यात अपाय कसला?’ असा समज त्यामागे असतो. यकृताच्या दृष्टीने मात्र पेलाभर चहा आणि ही गोळी यांत मोठे अंतर आहे.

काळा चहा व ग्रीन टी एकाच झुडपाच्या पानांपासून तयार होतात. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात दोन्ही होतात. खुडलेल्या पानांना वाफ दिली किंवा ती कढईत तापवली, की त्यांतील विकरे निष्क्रिय होतात आणि कॅटेचिन ही पॉलिफेनॉल वर्गातील संयुगे टिकून राहतात. काळ्या चहासाठी पाने चुरगळून हवेत ठेवतात. तेव्हा बहुतांश कॅटेचिनांचे ऑक्सिडीकरण होते आणि चहाला परिचित तांबूस रंग येतो. कॅटेचिनांपैकी सर्वाधिक प्रमाण ‘ईजीसीजी’ या संयुगाचे असते.

त्याच्या लाभांबाबतचा बहुचर्चित पुरावा जपानमधील आहे. मियागी प्रांतात १९९४ पासून ४०,५३० प्रौढांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाला पाच किंवा अधिक पेले पिणाऱ्यांचे मृत्युप्रमाण, एकापेक्षा कमी पेला पिणाऱ्यांच्या तुलनेत, स्त्रियांत २३ टक्के, तर पुरुषांत १२ टक्के कमी आढळले. हा फरक प्रामुख्याने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांतील होता. कर्करोगाच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. शिवाय हे निरीक्षण होते, प्रयोग नव्हे. चहा पिणाऱ्यांच्या इतर सवयींचाही त्यात वाटा असू शकतो. जाहिरातींत नेमके हेच वाक्य गळते.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिलेल्या मतानुसार, पेयातून दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी पोटात जाते व ते सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे. पूरक गोळ्यांतून ८०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक घेतल्यास मात्र यकृताच्या हानीचे निदर्शक असलेली विकरे रक्तात वाढलेली आढळतात. रिकाम्या पोटी गोळी घेतल्यास शोषण अधिक होते.

भारतात आणखी एक बाब महत्त्वाची. कॅटेचिन वनस्पतिजन्य अन्नातील लोहाशी बांधले जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांनी जेवणासोबत ग्रीन टी घेऊ नये. तासाभराचे अंतर ठेवावे. गोळ्या घेणाऱ्यांना गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा किंवा सततची मळमळ जाणवल्यास त्या तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि जाताना गोळ्यांची बाटली सोबत न्यावी.