चरित्रपट आणि कपडेपट

चरित्रपट पाहून बाहेर पडताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : नट त्या थोर पुरुषासारखा दिसला का? मग नाक, चष्मा, चाल यांची तुलना सुरू होते. माझ्या मते मात्र चरित्रपटातले निम्मे चरित्र कपडेपटात लिहिले जाते. रिचर्ड ॲटनबरो यांचा १९८२ चा ‘गांधी’ हे त्याचे ठळक उदाहरण. या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकून त्या या व्यवसायात आल्या होत्या.

गांधीजींच्या बाबतीत पोशाख हीच एक कथा आहे. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत उतरलेला तरुण बॅरिस्टर सुटाबुटात होता. १८९६ च्या अखेरीस कुटुंबाला तिकडे नेताना त्याने कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी आणि पायांत बूट-मोजे घालायला लावले. १९१३ च्या लढ्यात त्याने गिरमिटिया मजुरांचा वेश घेतला; १९१५ मध्ये मुंबईत उतरताना अंगावर काठेवाडी पोशाख होता; आणि १९२१ च्या सप्टेंबरात मदुरेला उरला फक्त पंचा. पुढे १९३१ साली इंग्लंडच्या राजाच्या भेटीलाही ते त्याच वेशात गेले. कपडे कमी होत गेले आणि माणूस मोठा होत गेला. ही उतरंड चुकली, तर संवाद कितीही चांगले असोत, चरित्र फसलेच.

पण चित्रीकरण काही आयुष्याच्या क्रमाने होत नाही. ते स्थळांच्या आणि नटांच्या सोयीने होते. सकाळी म्हातारपण, दुपारी तारुण्य! म्हणून कोणते वस्त्र कोणत्या दृश्यातले, ते किती विटलेले, किती धुतलेले, याची नोंद वेशभूषाकाराला ठेवावी लागते. नवीकोरी खादी पडद्यावर ताबडतोब उघडी पडते. त्यातून गर्दीचा प्रश्न वेगळाच. अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत चित्रित झाले, तेव्हा तीन लाखांहून अधिक लोक जमले होते. १९४८ च्या शोकात एखादा टेरिलीनचा शर्ट शिरला, तरी काळाचा भास तुटतो.

एवढे कौतुक केल्यावर एक शंका मांडणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. कापड खरे आहे, म्हणून इतिहासही पुरा आहे, असा आपला समज होतो. एका कथनात कोणाचेही आयुष्य मावत नाही, अशी कबुली चित्रपट आरंभीच देतो. तरीही १९३२ चा पुणे करार आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यात नाहीत, ही उणीव महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला खटकल्यावाचून राहत नाही. आणि ही उणीव वेशभूषेच्या दृष्टीनेही मोठी आहे. गांधीजींनी सूट उतरवला, तो गरिबांशी एकरूप होण्यासाठी. बाबासाहेबांनी सूट घातला तो ज्या समाजाच्या अंगावर धड वस्त्र असणेही सवर्णांना खपत नव्हते, त्या समाजाच्या वतीने. पंचा आणि सूट समोरासमोर उभे राहिले असते, तर संवादाविनाही त्या काळातला सर्वांत कठीण वाद प्रेक्षकांना दिसला असता. पण कोणाला पडद्यावर आणायचे, हे कपडेपट ठरवीत नाही. ते पटकथा ठरवते.

तेव्हा चरित्रपट पाहताना दोन प्रश्न जवळ बाळगावेत, असे मला वाटते. पडद्यावर जे आहे, ते कोणाच्या हातांनी उभे केले? आणि जे नाही, ते कोणी वगळले? पहिल्या प्रश्नाने कारागिराला न्याय मिळतो, दुसऱ्याने इतिहासाला. भानू अथय्या यांनी २०१२ साली आपली ऑस्करची बाहुली नीट जतन व्हावी म्हणून अकादमीकडे परत सोपवली. २०२० मध्ये त्या निवर्तल्या. पुढच्या वेळी श्रेयनामावली सुरू झाली, की खुर्चीवरून उठण्याची घाई करू नका. त्या सरकत्या अक्षरांतही काही चरित्रे असतात.