ई-पीक पाहणी : बांधावरच्या स्क्रीनची वाटचाल

15 ऑगस्ट 2021 रोजी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि तलाठ्याच्या दप्तरातली पीकनोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. जालना जिल्ह्यातल्या अंबड, भोकरदन, परतूरकडच्या शेतकऱ्याला आता गट क्रमांक, हंगाम, क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख हे सगळं बांधावर उभं राहून भरायचं होतं, वर पिकाचा फोटोही काढायचा होता.

माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी फार थोडं मावतं, हे जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्येच मांडलं होतं. म्हणून अ‍ॅप गटांची यादी पुढे करतं ते योग्यच. आठवण्यापेक्षा ओळखणं सोपं. पण शेतकऱ्याच्या डोक्यात जमीन आकड्यांनी नसते. ती ‘नाल्याकडचं वावर’, ‘आंब्याखालचं’ अशी असते. यादीत तीन गट दिसले की बोट तिथेच अडतं.

2022 च्या खरिपात दुसरी आवृत्ती आली आणि केलेली नोंद 48 तासांत एकदा स्वतःच दुरुस्त करायची सोय मिळाली. साऱ्या वाटचालीत मला हा बदल सगळ्यात मोलाचा वाटतो. चूक होणारच हे धरून वस्तू घडवा, दोष माणसाच्या माथी मारू नका, हे डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988 च्या पुस्तकात कळकळीने सांगितलं होतं. त्याच आवृत्तीत मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं नोंदवता येऊ लागली. कपाशीत तुरीच्या ओळी घेणाऱ्या जालन्याला याची गरज होतीच.

एक अडचण मात्र वरून दिसत नाही. शिवारात रेंज नसली तर माहिती मोबाइलमध्येच साठते. रेंजमध्ये आल्यावर ती अपलोड करावी लागते. फोटो निघाला की काम झालं, असं मन धरून चालतं आणि शेवटची पायरी राहून जाते. एटीएममधून पैसे हातात आले की कार्ड विसरतं, तसंच हे. मनाच्या या सवयीवर मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. नोंद अजून पोचलेली नाही, हे स्क्रीनने ठळकपणे आणि पुन्हापुन्हा सांगायला हवं.

2024 च्या रब्बीपासून डिजिटल क्रॉप सर्व्हेचं नवं अ‍ॅप आलं, राहिलेल्या नोंदींसाठी गावोगाव सहायक नेमले गेले. म्हाताऱ्या शेतकऱ्यांची त्यामुळे सोय झाली, हे खरंच. तरी यादीत आपला गट ओळखता यावा म्हणून गट क्रमांकाशेजारी शेजाऱ्यांची नावं दिसायला हवीत. खरेदीखतात चतुःसीमा पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जाते. पूर्वेला कोणाचं रान आणि पश्चिमेला कोणाचं, हे ज्याला त्याला तोंडपाठ असतं.