अर्ध्या दांड्याचा नाच

रॉक गायकाच्या हालचालींना नाच म्हणावं का? फ्रेडी मर्क्युरीपुरतं तरी नक्की म्हणावं, असं माझं मत आहे. फ्रेडी, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतला फारोख बलसारा, तिथल्या 'हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवायचा, म्हणजे बसून! १३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' मैफलीचं चित्रण पाहा. वेम्ब्ली स्टेडियमवर तो सुरुवात पियानोपाशीच करतो, मग उठतो. हातात माइकचा बुडखा नसलेला अर्धा दांडा. तो दांडा कधी गिटार होतो, कधी छडी. कीर्तनकाराच्या चिपळ्या जशा तालाबरोबर अभिनयही सांभाळतात, तसंच हे. आणि धावण्यापेक्षा त्याचं थांबणं जास्त देखणं: पाठ ताणलेली, मूठ वर.

"हे शिकलेलं नृत्य नव्हे, नुसता आवेश," हा आक्षेप अर्धा खरा आहे. ७ ऑक्टोबर १९७९ ला लंडनच्या कोलिझियममध्ये तो रॉयल बॅलेच्या नर्तकांसोबत गायला, तेव्हा त्याला उचलून धरणारे कसलेले नर्तक होते, तो नव्हता. पण हात कुठे रोखला तर शेवटच्या रांगेला दिसेल, याची जाण नुसत्या आवेशातून येत नाही. वेम्ब्लीवर सुमारे ७२ हजार माणसं होती, आणि 'रेडिओ गा गा' या गाण्याला त्यांचे हात त्याच्याबरोबर, तालात, डोक्यावर जात होते.