बाळंतपणाची फाइल जपून ठेवा

हृदयविकाराचा झटका टळावा म्हणून ॲस्पिरिन घ्यावी का, हे तपासणाऱ्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २२,०७१ डॉक्टर सहभागी झाले होते. सगळे पुरुष. गोळी घेणाऱ्यांना झटके बरेच कमी आले, असे १९८९ मध्ये जाहीर झाले. पुढे कमी मात्रेची ॲस्पिरिन ३९,८७६ स्त्रियांवर दहा वर्षे तपासली गेली. २००५ मध्ये उत्तर निघाले ते वेगळेच: पक्षाघात काहीसे घटले, पहिल्या झटक्यांचे एकूण प्रमाण मात्र घटले नाही.

बाईच्या हृदयाची चौकशी स्वतंत्रपणेच करावी लागते.

भारतासह ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात (२००४) दिसले, की स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षे उशिरा येतो. या उशिरानेच घर गाफील राहते. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, मानसिक ताण, आहार अशा नऊ घटकांनी स्त्रियांमधल्या ९४ टक्के धोक्याचा उलगडा होतो, हेही त्याच अभ्यासाने दाखवले. यातले बहुतेक घटक आटोक्यात आणता येतात.

धोक्याची पहिली सूचना बहुधा फार लवकर मिळालेली असते. गरोदरपणी बीपी वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागली, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया झाला, तर पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो. गरोदरपणातला मधुमेह आणि चाळिशीच्या आत थांबलेली पाळी, यांनीही तो वाढतो. बाळंतपणानंतर बीपी उतरते, फाइल माळ्यावर जाते आणि पन्नाशीत तपासणीला गेल्यावर त्याबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून बाईनेच ते आपणहून सांगायला हवे.

महाराष्ट्रात आणखी एक प्रश्न विचारायला हवा: मिश्री लावता का? तंबाखू भाजून केलेल्या या पुडीने दात घासणारी बाई ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणते, आणि तिच्या समजुतीने ते खरेच असते. पण मिश्रीतले निकोटिन तोंडातून थेट रक्तात उतरते. केवळ तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक असल्याचे ‘इंटरहार्ट’मध्ये आढळले होते.

तिशीनंतर बीपी आणि साखर तपासायची सोय सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत आहे. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभराहून कमी; लोणचे, पापड, फरसाण त्यातच धरायचे. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे. डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली असेल, तर बरे वाटते म्हणून ती परस्पर बंद करू नये.

झटक्यात स्त्रियांच्याही छातीतच बहुतेक वेळा दुखते. मात्र जोडीला दम लागणे, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे, एकाएकी गळून जाणे ही लक्षणे त्यांच्यात जास्त दिसतात. अशा वेळी ‘पित्त झालंय’ म्हणून तिला पडून राहू देऊ नये. घरच्यांनी लगेच १०८ ला फोन करावा आणि रुग्णालयात पोहोचताच ईसीजी काढायला सांगावे.