बंदी कशावर? : बैलगाडा शर्यतीच्या वादाची चिकित्सा

निगडीहून तळवड्याच्या बाजूस निघाले म्हणजे कारखान्यांच्या भिंती आणि नव्या वसाहती यांच्या मधून जुन्या गावांच्या खुणा अद्याप दिसतात. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली आणि निगडी-आकुर्डीच्या शेतजमिनींवर पेठा आखल्या गेल्या. १९९७ साली चिखली, तळवडे ही गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. नांगराच्या बैलाचे काम या पट्ट्यातून बहुतांशी संपले. शर्यतीचा बैल मात्र टिकून राहिला; इतकेच नव्हे, तर २०२२ च्या मे महिन्यात चिखलीस भरलेल्या शर्यतींत विजेत्यांसाठी जेसीबी यंत्र व मोटारी अशी बक्षिसे ठेवण्यात आली होती. तत्पूर्वी कित्येक वर्षे हीच शर्यत कायद्याने निषिद्ध होती. निषेध आणि पुनःस्थापना यांमधील या काळात जो वाद झाला, तो बहुधा 'परंपरा विरुद्ध भूतदया' अशा स्वरूपात मांडला गेला. ही मांडणी अपुरी आहे, आणि बंदी नेमकी कशावर मागितली जात आहे हा प्रश्न प्रथम विचारल्यावाचून वादाचा निर्णय लागणे शक्य नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम घटनाक्रम पाहू. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा आहे. त्याच्या २२ व्या कलमान्वये, कोणत्या प्राण्यांचे जाहीर खेळ करू नयेत हे ठरविण्याचा अधिकार केंद्र शासनास आहे. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या यादीत बैलाचा समावेश झाला. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींवरील बंदी उचलून धरली आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत या दोहोंस मनाई केली. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने मूळ कायद्यात दुरुस्ती करून नियमबद्ध शर्यतीस वाट करून दिली. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांच्या अधीन राहून शर्यतीस अंतरिम मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

एकाच न्यायालयाने नऊ वर्षांच्या अंतराने भिन्न निष्कर्ष काढले, यात वरवर पाहता विसंगती दिसते. ती समजून घेण्यासाठी अगदी निराळ्या देशातील एका निराळ्या खेळाचे उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावयाचे असते. शेवटचा एखादा यार्ड उरला असता चेंडू घेणाऱ्या मुख्य खेळाडूस त्याच्या साथीदारांनी पाठीमागून लोटून पुढे रेटावयाचे, अशी एक चाल फिलाडेल्फियाच्या संघाने गेल्या काही वर्षांत प्रचारात आणली. असे लोटणे २००५ पर्यंत व्यावसायिक लीगच्या नियमांत निषिद्ध होते. ते पुन्हा निषिद्ध करावे असा ठराव मे २०२५ मध्ये संघमालकांपुढे आला. बत्तीसपैकी चोवीस मतांची आवश्यकता असताना त्यास बावीस मते मिळाली आणि ठराव फेटाळला गेला. विरोधकांचे म्हणणे असे की, या चालीत दुखापतीचा धोका आहे आणि ती कौशल्याऐवजी निव्वळ रेट्याने जिंकते. समर्थकांचे उत्तर असे की, दुखापतीचा पुरावा दाखवा, आणि जी चाल तुम्हांस अडविता येत नाही तिला केवळ त्या कारणाने अन्याय्य म्हणू नका.

या वादात एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. तेथे फुटबॉल बंद करा असे कोणी म्हणाले नाही. १८९४ साली त्याच खेळातील पाचरीसारखी रांग करून धडक देण्याची घातक रचना निषिद्ध झाली, तेव्हाही खेळ राहिला आणि चाल गेली. यावरून बंदीविषयीच्या कोणत्याही वादास लावण्याजोग्या तीन कसोट्या निष्पन्न होतात. पहिली, पृथक्करणाची : दोष खेळापासून वेगळा काढता येतो काय? दुसरी, निरीक्षणाची : निषिद्ध कृती घडली किंवा नाही हे पंचास दिसू शकते काय? तिसरी, संमतीची : ज्याच्या शरीरावर धोका येतो त्याने तो स्वतः पत्करला आहे काय?

आता या कसोट्या बैलगाड्यास लावून पाहू. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात शर्यतीच्या धावपट्टीस 'घाट' म्हणतात आणि एका गाड्याच्या एका धावेस 'बारी'. येथील बारी बहुधा घड्याळाशी असते. हलका लाकडी गाडा घेऊन बैल चढावर सुटतात आणि सेकंदांच्या अंशांनी क्रम लागतो. सर्वांत वेगवान गाड्याचा मालक 'घाटाचा राजा' ठरतो. या वर्णनात क्रौर्य अपरिहार्य आहे असे दिसत नाही. परंतु व्यवहारात वेग वाढविण्यासाठी चाबूक, टोकदार काठी, शेपटी पिरगळणे आणि विजेचा झटका देणारे उपकरण यांचा वापर होत असे, आणि न्यायालयांपुढे आलेल्या तक्रारींचा रोख मुख्यतः याच गोष्टींवर होता.

२०१४ च्या निकालाने पृथक्करणाच्या कसोटीचे उत्तर नकारार्थी दिले. बैल हा ओढकाम करणारा प्राणी आहे. घोड्याप्रमाणे शर्यतीसाठी त्याची शरीररचना नाही. सबब भय किंवा वेदना यांवाचून तो तसा धावणारच नाही, असा त्या विचाराचा गाभा होता. हे गृहीत धरले की छळ हा खेळाचा अपघात राहत नाही, तो त्याचा स्वभाव ठरतो. आणि मग बंदी खेळावरच येते. २०१७ च्या दुरुस्तीने नेमके उलट उत्तर दिले. जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी, हजार मीटरांहून अधिक नसलेली धावपट्टी, पशुवैद्यकीय तपासणी, काठी, चाबूक व विजेची उपकरणे यांस मनाई, आणि भंग केल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी ही योजना आहे. बैलाच्या अंगी धावण्याची क्षमता असते असा तज्ज्ञ समितीचा अहवालही शासनाने पुढे केला. २०२३ च्या घटनापीठाने, नव्या नियमांमुळे शर्यतीचे स्वरूपच पालटले असून वेदना मोठ्या प्रमाणात कमी होते, ही भूमिका मान्य केली. शर्यत सांस्कृतिक वारसा आहे की नाही हे ठरविणे विधिमंडळाचे काम आहे असे सांगितले, आणि नियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्याचा आदेश प्रशासनास दिला. तात्पर्य, दोन्ही निकालांत दयेचे तत्त्व एकच आहे. फरक पडला तो दोष वेगळा काढता येतो की नाही या एका गृहीतात.

तथापि येथेच विचार थांबविणे योग्य होणार नाही. दोष वेगळा काढता येतो हे कागदावर सिद्ध झाले, तरी दुसरी कसोटी शिल्लक राहते. फुटबॉलमधील रेटा हजारो प्रेक्षकांस आणि पंचांस एकाच वेळी दिसतो. मुठीत मावणारे विजेचे उपकरण सुटीच्या जागेवरील गर्दीत दिसतेच असे नाही. आणि सरावाच्या वेळी, गोठ्यामागील माळावर, पंच मुळातच नसतो. त्यातच बक्षिसे जसजशी वाढतात तसतसा एका सेकंदाचा मोहही वाढतो. जेथे जेसीबी यंत्राची पैज आहे तेथे नियमभंगाचे आमिष गावजत्रेतील जुन्या बक्षिसाच्या तुलनेत कितीतरी मोठे असणार, हे उघड आहे.

तिसऱ्या कसोटीपाशी तर साम्यच संपते. फुटबॉलपटू करार करतो, वेतन घेतो, इच्छा नसेल तर मैदान सोडतो. बैलास यांपैकी काहीच शक्य नाही. म्हणून फुटबॉलच्या वादात पुराव्याचा भार बंदी मागणाऱ्यांवर टाकणे न्याय्य असले, तरी शर्यतीच्या वादात तो परवानगी मागणाऱ्यांवरच पडला पाहिजे. 'छळ होतो हे दाखवा' असे म्हणण्याचा अधिकार आयोजकांस नाही. 'छळ होत नाही' हे त्यांनी प्रत्येक बारीगणिक दाखविले पाहिजे.

समर्थकांचा आणखी एक युक्तिवाद येथे नोंदविला पाहिजे. ट्रॅक्टरच्या प्रसारानंतर खिलारसारख्या जातिवंत बैलास शर्यतीवाचून मागणी उरणार नाही आणि ते वाण क्षीण होईल, असे गाडामालक म्हणतात. ज्या पट्ट्यात शेतीच मागे हटली आहे तेथे या म्हणण्यात तथ्य आहे, आणि बैलास मुलाप्रमाणे वाढविणाऱ्या कुटुंबांची आस्था खोटी ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु हा युक्तिवाद बैल राखण्याचे समर्थन करतो. चाबकाचे समर्थन तो करीत नाही. किंबहुना जो मालक वाणाच्या रक्षणासाठी शर्यत मागतो, त्यानेच कडक तपासणीचा आग्रह सर्वांआधी धरावयास हवा.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, आजची परवानगी ही निरपवाद मान्यता नसून सशर्त प्रयोग आहे. शर्त पाळली जाते काय, हे न्यायालयाच्या ग्रंथालयात बसून कळणार नाही. ते घाटावर उभे राहून, शर्यतीपूर्वी व नंतर बैलांची तपासणी करून आणि नियमभंगाच्या नोंदी वर्षानुवर्षे जुळवूनच कळेल. विधी, समाजशास्त्र आणि पशुवैद्यक या तीन शाखांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन करावयाचे हे काम आहे, आणि चाकण-चिखलीचा परिसर त्यासाठी हाताशी आहे. अशा नोंदींतून दोष खरोखर वेगळा निघाला असे दिसले, तर खेळ राहावा. तो निघत नाही असे दिसले, तर २०१४ चे उत्तर पुन्हा विचारात घेण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.